वळणावरची मान

विरार पूर्वेला मनवेलपाड्याच्या तलावाकडून आतल्या गल्ल्यांत शिरलं की घरांचा एक प्रकार पुन्हा पुन्हा दिसतो. खाली जुनं बैठं घर, त्यावर मागाहून चढवलेला मजला, वर जायला बाहेरच्या अंगाने सिमेंटचा जिना आणि जिना संपतो तिथे उघडी गच्ची. घरातली जागा खायला नको म्हणून जिना बाहेर काढलेला असतो. बाहेर काढला म्हणजे त्याच्यावर पाऊस पडणार, पायऱ्या निसरड्या होणार आणि माणसाला धरायला काहीतरी लागणार. अशाच एका घराचा लोखंडी कठडा मी कितीदा तरी थांबून पाहिला आहे. त्याच्यात नक्षी नाही. खांबांवर सोनेरी गोळे नाहीत, काचा नाहीत. उभ्या चौकोनी सळ्या, वर हात ठेवायला गोल पाईप, अंगावर करडा ऑइल पेंट. गल्लीतून जाणाऱ्याची नजर त्याच्यावर अडकत नाही. पण हे काम ज्याने केलं त्याच्या हाताची समज मला विलक्षण वाटते. ती कुठे कुठे दिसते हे एकेक करून सांगायचं आहे.

सुरुवात पायऱ्यांपासूनच करायला हवी, कारण कठडा त्यांच्यावर उभा आहे आणि त्या सरळ नाहीत. थोडे थोडे पैसे जमवत, एकदा हा गवंडी तर एकदा तो, असं बांधलेल्या घराच्या जिन्यात पायऱ्या एकसारख्या उंचीच्या क्वचितच निघतात. या जिन्यात एखादी पायरी साडेसहा इंचांची आहे, तिच्या वरची साडेसातची, आणि गच्चीला टेकणारी शेवटची तर आणखी चढ. फरशी नंतर बसवली, तिची जाडी कोणी आधी धरली नव्हती, म्हणून हिशेब शेवटच्या पायरीवर येऊन साठला. जिन्यावर पडण्याच्या कारणांत असमान पायऱ्या अगदी वर येतात. पाय पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत एक माप शिकतो आणि पुढे न पाहता तेच माप वापरत राहतो. एखादी पायरी त्या मापात बसली नाही की तोल जातो.

काम चालू होतं तेव्हा मिस्त्रीने सगळ्यात आधी काय केलं, तर खालच्या पायरीच्या नाकापासून वरच्या पायरीच्या नाकापर्यंत दोरी ताणली. मग एकेका पायरीवर टेप धरून दोरी किती वर राहते ते खडूने तिथेच लिहिलं. कुठे दोरी पायरीला घासत होती, कुठे बोटभर उंच होती. साधा कारागीर इथे सगळे खांब एकाच मापाचे कापून आणतो आणि पायरीगणिक एक उभा करतो. तसं केलं की पायऱ्यांचा सगळा वाकडेपणा वरच्या पाईपमध्ये उतरतो. पाईप लाटेसारखा खालीवर होतो किंवा सरळ राहावा म्हणून खांबांवर ओढून बसवावा लागतो आणि पहिल्या वर्षातच कुठेतरी टाका सोडतो. या माणसाने प्रत्येक खांब वेगळा कापला. सगळ्यात आखूड आणि सगळ्यात लांब खांबात इंचभराचा तरी फरक असेल. तो फरक खाली, पायरीपाशी, कोणाच्या लक्षात येत नाही. वरचा पाईप मात्र जमिनीपासून वळणापर्यंत एका रेषेत जातो. पायाला जे माप फसवतं ते हाताला फसवत नाही. अंधारात, पावसात, बाजाराची पिशवी घेऊन चढणाऱ्या बाईला पाय कुठे पडतोय हे दिसत नसलं तरी तिचा हात एका चढाने सरकत राहतो आणि त्या चढावरून शरीर स्वतःला सावरून घेतं. गवंड्याच्या हातून सुटलेली गोष्ट इथे लोखंडाने भरून काढली आहे. माझ्या मते या कठड्याचं सगळं मोठेपण या एका निर्णयात आहे, बाकीचं त्यातून आलं.

सळ्यांचं पाहा. चार सुताची, म्हणजे अर्ध्या इंचाची चौकोनी सळी आहे, आणि पायरीला तीन या हिशेबाने त्या बसवल्या आहेत. चढत्या कठड्यात सळ्यांचं अंतर कसं मोजायचं यात अनेकजण चुकतात. तिरक्या पट्टीवर टेप टाकून दर चार इंचांवर खूण केली की जिन्यावर सळ्या दाटीने आलेल्या दिसतात आणि तोच कठडा गच्चीवर सपाट झाला की विरळ. कारण तिरकं चार इंच म्हणजे आडवं जेमतेम सव्वातीन. इथे माप आडवं धरलं आहे. त्यामुळे जिन्यावरून गच्चीवर नजर फिरवली तर सळ्यांची लय कुठे तुटत नाही. फट एवढीच आहे की मोठ्या माणसाची बंद मूठ तिच्यात अडकते. रांगतं मूल त्यातून डोकं घालू शकत नाही, आणि ही गोष्ट कठड्याच्या सौंदर्याविषयी बोलतानाच सांगायला हवी. जिथे मूल राहतं तिथे ज्या कठड्यात त्याचं डोकं जातं तो सुंदर असूच शकत नाही.

याच कारणासाठी सध्याची आडव्या पाईपांची फॅशन मला पटत नाही. आसपासच्या नव्या इमारतींत दोन खांबांमध्ये तीन किंवा चार चकचकीत पाईप आडवे टाकलेले दिसतात. लांबून ते छान दिसतं, मोकळं वाटतं, खर्चही आटोक्यात राहतो. पण तीन वर्षांच्या पोराला ती शिडी आहे. आडव्या पाईपांचे कठडे करणाऱ्यांना हे माहीत नसतं असं नाही. गिऱ्हाईक मागतं, ते देतात. उभ्या सळीवर पाय ठेवायला जागा मिळत नाही. एवढ्या साध्या गोष्टीसाठी मी उभ्या सळीच्या बाजूचा आहे आणि राहीन.

आता वळण. जिना अर्ध्यावर एका चौकोनी कट्ट्यावर येतो आणि उलटा फिरून वर जातो. खालच्या टप्प्याचा कठडा वर येतोय, वरच्या टप्प्याचा पुढे चढणार आहे, आणि दोघांनी कट्ट्याच्या आतल्या कोपऱ्यात भेटायचं आहे. इथे भूमितीच आडवी येते. खालच्या टप्प्याची शेवटची पायरी आणि वरच्या टप्प्याची पहिली पायरी एका रेषेत असली, आणि आपल्याकडे ती जवळपास नेहमीच असते, तर दोन्ही कठडे भेटतात तेव्हा त्यांच्या उंचीत बरोबर एका पायरीचा फरक पडतो. सात इंचांची उडी. मुळात जिना बांधतानाच वरच्या टप्प्याची पहिली पायरी कट्ट्यापासून एका पायरीच्या रुंदीने दूर घेतली असती तर दोन्ही रेषा नीट जुळल्या असत्या. जुन्या, विचाराने बांधलेल्या जिन्यांत ती घेतलेली दिसते. पण त्याला दहा इंच जागा जास्त लागते, आणि मनवेलपाड्यात दहा इंच जागा कोण सोडणार?

म्हणून हा प्रश्न फॅब्रिकेशनवाल्याच्या गळ्यात येतो आणि तो कसा सोडवला आहे यावरून माणूस ओळखू येतो. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे खालचा पाईप खांबाला टेकवून संपवायचा आणि वरचा त्याच खांबाच्या वरच्या टोकापासून नव्याने सुरू करायचा. असे जिने मी मोजदाद सोडून देण्याइतके पाहिले आहेत. वळणावर, जिथे शरीर फिरत असतं आणि तोल सगळ्यात कच्चा असतो, नेमका तिथेच हात रिकामा पडतो. दुसरा मार्ग म्हणजे पाईप पंचेचाळीस अंशांत कापून तुकडा उभा जोडायचा. हात तुटत नाही, पण दोन टोकदार कोपरे येतात. त्यांवर तळवा घासतो, ओढणी अडकते, शाळेच्या दप्तराचा पट्टा अडकतो.

इथे मिस्त्रीने पाईप वाकवला आहे. खालचा पाईप वळणापाशी येऊन हळूच आडवा होतो, मग बदकाच्या मानेसारखा वर उठतो, फिरतो आणि पुढच्या चढाला लागतो. पाईप वाकवताना तो आतल्या बाजूने चेपतो. गोल पाईप लांबट होतो आणि हाताला ते लगेच कळतं. ते होऊ नये म्हणून पाईपमध्ये कोरडी वाळू ठासून, दोन्ही तोंडं बंद करून, मग तापवून वाकवायची जुनी रीत आहे. वाळू आतून भिंत धरून ठेवते. या मानेवरून मी अनेकदा हात फिरवला आहे. जाडी कुठेही बदललेली जाणवत नाही. पाईप दीड इंची आहे, दोन इंची नाही, हेही महत्त्वाचं. दोन इंची पाईप भारदस्त दिसतो, पण बारीक हाताच्या म्हातारीची बोटं त्याच्याभोवती पुरती वळत नाहीत. दीड इंचीवर मूठ मिटते. घसरताना मिटलेली मूठच उपयोगाला येते.

वेल्डिंगविषयी बोलायचं तर चांगल्या टाक्याविषयी बोलण्यासारखं फार थोडं उरतं, तो दिसेनासा झालेला असतो. इथले टाके खपली झाडून, ग्राइंडर मारून, कडा हाताला लागणार नाहीत इतपत घासले आहेत. खपली न झाडता वरून रंग मारला की वर्षभरात ती पोपडा धरून निघते आणि तिच्याखाली गंज तयार असतो. सळीच्या चारही बाजूंना टाका आहे का हे पाहायचं असेल तर वाकून खालून पाहावं लागतं. वरून दोन बाजूंनीच टाके मारून मोकळं होण्याची सवय सर्रास आहे. खालच्या बाजूला पावसाचं पाणी लोंबून राहतं, त्यामुळे न भरलेल्या फटीत गंजाची सुरुवात तिथूनच होते. या कठड्यात मी खालून पाहिलं. चारही बाजू भरल्या आहेत.

आणि पाय. कठडा तुटतो तो बहुधा पायातून तुटतो, आणि का ते साध्या हिशेबाने कळतं. कोणी मीटरभर उंचीवर पंचाहत्तर किलोच्या जोराने टेकलं, तर खांबाखालच्या चार इंची पट्टीच्या बोल्टांना वर उपटणारी ओढ साधारण नऊशे किलोंपर्यंत जाते, कारण वरचा दांडा लांब आणि खालचा आखूड. दहा-बारा पटींचा हा खेळ आहे. चार माणसं एकदम टेकली, गणपतीत गच्चीवर पाहुणे जमले, की काय होईल याचा विचार करून ठेवावा लागतो. आयएस 875 या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात कठड्यांवर आडवा भार धरायला सांगितला आहे तो याचसाठी, आणि गर्दीच्या जागी तो जास्त धरायचा असतो. बोल्ट स्लॅबच्या कडेला फार जवळ घेतला तर तो घट्ट करतानाच काँक्रीटची कड उडते. इथे पट्ट्या कडेपासून चार बोटं आत घेतल्या आहेत. एका ठिकाणी ड्रिल स्लॅबमधल्या सळीला लागलं, तेव्हा भोक तिरकं न करता अख्खी पट्टी दोन इंच सरकवली. तो एक खांब त्यामुळे ओळीत किंचित पुढे आहे. सांगितल्याशिवाय दिसत नाही, पण मला तो एक खांब सगळ्यात जास्त आवडतो. तिरकं मारलेलं भोक कोणाला कधीच कळलं नसतं.

प्रत्येक पट्टीभोवती सिमेंटचा छोटा उतार करून दिला आहे, म्हणजे पाणी खांबाच्या बुडाशी थांबत नाही. वसई-विरारमध्ये एका पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पश्चिमेला अर्नाळ्याचा समुद्र, उत्तरेला वैतरणेची खाडी; हवेत मीठ असतंच. या गावात लोखंडाचा कठडा म्हणजे दरवर्षी पावसाशी केलेला करार आहे. मे महिन्यात घासायचा, रेड ऑक्साईडचा हात द्यायचा, वर ऑइल पेंट. या घरातल्या आजी तो करार नेमाने पाळतात, रंगाचा डबा जिन्याखालीच ठेवलेला असतो.

स्टेनलेस स्टील घेतलं असतं तर हे करावं लागलं नसतं, असं कोणीही म्हणेल. अंशतः खरं आहे. पण बाजारात स्टील म्हणून जे मिळतं त्याच्यात भेद आहेत. दुकानदार ज्याला तीनशे चार म्हणतात त्यात साधारण अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असतं. दोनशे दोनमध्ये निकेल कमी करून त्याच्या जागी मँगनीज घातलेलं असतं, ते स्वस्त पडतं आणि खाऱ्या हवेत लवकर डागाळतं. नवीन असताना दोन्ही सारखेच चमकतात. लोहचुंबक लावून पाहा असा सल्ला नेहमी दिला जातो, पण दोन्हींना चुंबक जवळपास धरत नाही, तेव्हा त्या परीक्षेतून या दोहोंतला फरक कळणं शक्य नाही. समुद्राजवळ खरं टिकायचं असेल तर मॉलिब्डेनम घातलेलं तीनशे सोळा लागतं, आणि ते मनवेलपाड्यातल्या घरबांधणीत कोणाला परवडत नाही. शिवाय साध्या लोखंडावर चालवलेल्या ग्राइंडरचीच चकती स्टीलवर फिरवली तर लोखंडाचे कण स्टीलमध्ये बसतात आणि पहिल्याच पावसात तपकिरी ठिपके उमटतात. कारखान्यात निगुतीने केलेलं स्टील उत्तम. गल्लीत उभ्याने जोडलेल्या स्वस्त स्टीलपेक्षा मात्र नीट रंगवलेलं लोखंड मला जास्त प्रामाणिक वाटतं. त्याला गंज चढला की तो दिसतो आणि माणूस घासायला बसतो.

लोखंडाचा एक दोष मात्र मान्य करायला हवा, आणि या कठड्यातही तो आहे. एप्रिल-मेच्या दुपारी हा पाईप हाताला धरवत नाही. फिनलंडचे वास्तुकार आल्व्हार आल्तो धातूच्या मुठींना चामडं गुंडाळत, कारण तिकडे थंड धातू हाताला झोंबतो. आपल्याकडे दुखणं उलटं आहे, उपाय तोच. मुंबईतल्या जुन्या चाळींत आणि इमारतींत हा उपाय डोळ्यांसमोर आहे: खाली लोखंडी सळ्या, वर सागाची गुळगुळीत पट्टी. हात लागतो तिथे लाकूड, भार येतो तिथे लोखंड. हात फिरून फिरून त्या सागाला आलेला तुकतुकीतपणा कुठल्याही पॉलिशने येत नाही. तो साग आता महाग झाला आणि पावसात उघड्यावर टिकवायलाही अवघड, म्हणून बाहेरच्या जिन्यावरून तो गेला. गेला याचं मला वाईट वाटतं.

कठड्यांचं वैभव पाहायचं तर लोक छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे बोट दाखवतात. दाखवावंच. 1878 ते 1888 या काळात बांधलेल्या त्या स्थानकातल्या लोखंडी आणि पितळी कठड्यांचं, जाळ्यांचं काम मुंबईच्या कला विद्यालयातल्या, म्हणजे आजच्या जे. जे.तल्या विद्यार्थ्यांनी केलेलं आहे. शिकणाऱ्या मुलांच्या हातचं काम सव्वाशेहून अधिक वर्षं लाखो माणसांच्या नजरेखाली उभं आहे, याचा अभिमान वाटतो. पण तिथे आधी जिना नेमका होता. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्यासारखा वास्तुकार होता, नकाशे होते, दगड तासलेले होते. कठड्याला शोभा वाढवायची होती. मनवेलपाड्यातल्या कठड्याला जिना सावरून घ्यायचा होता, आणि दोन्ही कामांना एकच फूटपट्टी लावता येत नाही.

जवळची तुलना हवी असेल तर जीवदानीचा डोंगर समोरच आहे. हजाराहून जास्त पायऱ्या, नवरात्रात चढणाऱ्यांची रीघ. तिथल्या कठड्यांना हात लावत चढलं की कळतं, माणसं कुठे दमतात. जिथे चढ लांबतो तिथे रंग उडून धातू उघडा पडतो, कट्टा आला की पुन्हा रंग शाबूत. कठडा वापरणाऱ्याच्या शरीराची अशी नोंद ठेवतो. आमच्या या छोट्या जिन्यावरही ती दिसू लागली आहे. वळणावरच्या मानेवरचा करडा रंग आतल्या बाजूने गेला आहे, बाकी पाईपवर तो अजून आहे. सगळ्यांचा हात तिथे जोराने बसतो.

गच्चीचं फार सांगण्यासारखं नाही. सरळ ओळ आहे, साडेतीन फूट उंच. राष्ट्रीय इमारत संहितेत गच्चीच्या कठड्याला किमान एक मीटर सांगितलं आहे, त्याहून हा चार बोटं वरच. एक गोष्ट मात्र नोंदवतो. जिन्याचा पाईप वर येऊन शेवटच्या पायरीपाशी थांबत नाही. तसाच पुढे आडवा होऊन फूटभर जातो आणि मग गच्चीच्या कठड्यात मिळतो. त्या शेवटच्या, चढ निघालेल्या पायरीवरून पाय गच्चीवर पूर्ण टेकेपर्यंत हाताखाली पाईप असतो. खालच्या टोकालाही तो पहिल्या पायरीच्या पुढे येऊन भिंतीकडे वळवून बंद केला आहे. मोकळं टोक नाही, त्यामुळे पदर अडकत नाही आणि पाईपच्या तोंडातून आत पाणीही जात नाही.

आता पैशांचं. लोखंडाचं फॅब्रिकेशन बहुतेक ठिकाणी किलोवर ठरतं, स्टीलचं रनिंग फुटावर. किलोच्या भावात वळणावरच्या त्या मानेचं वजन भरतं जेमतेम एक किलो, आणि तिला अर्धा दिवस गेला होता. वेगवेगळे कापलेले खांब तर वजनात एकसारख्या खांबांइतकेच. दोरी ताणून खडूने आकडे लिहिण्यात गेलेल्या सकाळचं वजनच होत नाही. बिलात या तिन्हींचा उल्लेख नव्हता. आजींनी मात्र हिशेब पुरा करताना मानेचे म्हणून वेगळे पैसे दिले, मिस्त्री नको म्हणत असतानाही. ‘खालच्या गल्लीत माझ्या भावाच्या घरी असाच जिना आहे,’ त्या त्याला म्हणाल्या, ‘तिथेही तुम्हीच या, आणि माप घ्यायला दोरी घेऊन या.’